अकरा डोकी आणि एक गंगावन

माझ्याकडून सगळ्यात नेमानं केस कापून घेतले ते छावणीतल्या मठातल्या सिस्टरांनी, आणि ते केस माझ्याशिवाय कुणी पाहिले नाहीत. तीस वर्षं मी छावणीत, म्हणजे शहराच्या लष्करी भागात, पार्लर चालवलं. आता खांदा वर होत नाही म्हणून बंद करून पडेगावला लेकाकडं राहते. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा त्या बाईंना वाटलं असणार की मी नवरींच्या मेकअपचं लिहीन. नवरींचं काय लिहायचं? सगळ्या रडतात, सगळ्यांचं काजळ पसरतं आणि सगळ्यांच्या मावश्या मागं उभ्या राहून ‘अजून जरा गोरी करा’ म्हणतात. त्यापेक्षा सिस्टरांचं लिहिते.

लोकांचा पहिला समज असा, की सिस्टर आतून टकल्या असतात. माझ्या सासूबाईंची मरेपर्यंत हीच खात्री होती. मी म्हणायची, “अहो, मी स्वतः कापते त्यांचे केस.” तर म्हणायच्या, “तुला कापायला म्हणून थोडे ठेवत असतील.”

खरी रीत सांगते. पूर्वी मुलगी सिस्टर व्हायला आली की तिची वेणी मोठ्या मदर एका कात्रीत कापायच्या. नटणं-मुरडणं संपलं, आता तू देवाची, असा त्याचा अर्थ. आता तसं कुणी करत नाही. पोरी येतानाच खांद्याएवढे केस घेऊन येतात. शिकाऊ असताना डोक्यावर पांढरं कापड आणि व्रतं घेतली की राखाडी. त्या कापडाला व्हेल म्हणतात. त्याला समोर पांढरी ताठ पट्टी असते, पट्टीच्या पुढं कपाळावर दोन बोटं केस दिसतात, बाकी सगळं झाकलेलं. माझं सगळं कसब त्या झाकलेल्या भागात. म्हणजे स्वयंपाक करायचा आणि ताटावर ताट झाकून ठेवायचं, अशातला प्रकार.

याची सुरुवात सिस्टर मार्थांनी केली. त्या शाळेत गणित शिकवायच्या. मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, आणि इतकी वर्षं मठात काढूनही त्यांच्या जिभेवरचं खेडं काही गेलं नव्हतं. एका दुपारी त्या मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरातून थेट पार्लरात आल्या.

“बाई, केस कापता का? म्हणजे कापताच, बोर्ड वाचला मी. आमचे कापाल का, ते इचारायला आले.”

त्यांच्यात केस कापणाऱ्या सिस्टरची दुसऱ्या गावी बदली झाली होती. तेव्हापासून स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर कात्री चालवत होत्या. मार्थांनी व्हेल काढला तेव्हा मी कपाळाला हात लावला. एका कानामागं खळं पडलं होतं आणि दुसऱ्या कानामागं शेपूट सुटलं होतं.

“लई वाईट दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आरशात नाही बघितलं?”

“आरसा कुठाय आमच्याकडं? दात घासायला तळहाताएवढा हाय, त्यात दातच दिसतात.”

पार्लरात सिस्टर बसलेली दिसली तर छावणीला महिनाभर विषय पुरला असता, म्हणून मीच मठात जायचं ठरलं. दर महिन्याचा दुसरा शनिवार, मागचा व्हरांडा, धुण्याच्या दगडाशेजारी एक लाकडी खुर्ची, आणि अकरा डोकी. पिशवीत कात्री, कंगवा, पाण्याचा फवारा आणि सवयीनं हातआरसा. पहिल्या डोक्यानंतर मी आरसा समोर धरला. सिस्टर “थँक यू” म्हणाल्या, आरशाकडं न बघता व्हेल चढवला आणि उठून गेल्या. अकराही जणींनी तेच केलं. त्यानंतर आरसा पिशवीच्या तळाशीच राहिला.

तुम्ही म्हणाल, मग बरंच की, कसेही कापले तरी चालतं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि तिथंच मी आपटले.

रीना नावाची नवीनच व्रतं घेतलेली कोवळी सिस्टर होती. तिचे केस इतके सुंदर, की मला मोह झाला. झकास स्टेप कट दिला, वर नवरीला लावतात ते सीरम चोपडलं. केस नुसते पाण्यासारखे वाहायला लागले. दुसऱ्या दिवशी रविवार. पुढच्या शनिवारी मार्था माझ्या दारात, कमरेवर हात.

“काय लावलं होतं गं त्या पोरीला?”

“का? काय झालं?”

“चर्चात गाणं म्हणताना व्हेल मागं घसरला. तिनं वढला. पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळंला उभं राहायला सांगितलं, तर ती उभी राहिली आन् व्हेल खाली बसला. कुठं? मागच्या बाकावर सुभेदारसाहेब होते, त्यांच्या मांडीवर.”

मला हसू आवरेना. मार्थाही थोडा वेळच रागात राहिल्या. सुभेदारांनी म्हणे तो व्हेल दोन्ही हातांवर सलामीला घेतल्यागत धरून ठेवला होता, प्रार्थना संपेपर्यंत.

त्या दिवशी मार्थांनी मला माझाच धंदा शिकवला. व्हेल काही बांधलेला नसतो, तो पिनांवर उभा असतो. दोन कानांवर, एक टाळूवर. पिनीला धरायला केस पाहिजेत, तेही जरा खरखरीत. फार बारीक कापले तर पिन लागत नाही, फार मऊ केले तर राहत नाही, आणि लांब ठेवले तर आपल्या उन्हाळ्यात कापडाखाली डोकं शिजतं. “केस झाकायचेत, व्हय,” त्या म्हणाल्या, “पर झाकायलाच केस लागतात, हे ध्यानात ठेव.” तेव्हापासून मी या कानापासून त्या कानापर्यंत टाळूवरून एक पट्टा चार बोटं राखून बाकीचे बारीक करायची. हा कट कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. या शहरात तो फक्त मला येतो, आणि तो कुणी पाहिलेला नाही, याचं मला आत कुठंतरी सारखं टोचायचं. नवरी हॉलमध्ये शिरली की शंभर बायका विचारतात, कुठं केलं गं? माझ्या सिस्टरांना कोण विचारणार?

अशी बरीच वर्षं गेली. मग मार्थांना छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, मग औषधाच्या सलाइन झाल्या, आणि केस गेले. सगळे. शनिवारी मी खुर्ची मांडली तर त्या रुमाल बांधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “कुंदा, तुझं एक डोकं कमी झालं बघ.” कात्री धुवायला नळाशी गेले आणि उगीचच बराच वेळ धूत बसले.

उपचार संपले, डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आता मार्थांपुढं खरं संकट उभं राहिलं. त्यांच्यातल्या मोठ्या साहेब, ज्यांना प्रॉव्हिन्शियल म्हणतात, त्या भेटीला येणार होत्या. मार्थांना छावणीतच ठेवायचं की वसईकडं आजारी आणि म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात कायमचं पाठवायचं, ते त्या ठरवणार होत्या.

“समुद्र हाय म्हणं तिथं,” मार्था म्हणाल्या. “मला काय करायचाय समुद्र? दहावीच्या पोरींची भूमिती अर्धी राहिलीय. तिथं जाऊन खिडकीत बसले, की मी संपले गं कुंदा.”

मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच घाबरलेलं पाहिलं.

अडचण पिनांची. टक्कल गुळगुळीत, व्हेल दर पाच मिनिटाला मागं जायचा आणि मार्थांचा हात दर पाच मिनिटाला डोक्यावर. इलॅस्टिक लावून पाहिलं, तर औषधानं हुळहुळी झालेली कातडी सोलवटली. सुती टोपी घातली, तर टोपीसकट व्हेल घसरला. मठाच्या मदर केरळच्या, स्वभावानं गरीब. त्या म्हणाल्या, “सिस्टर, बीमारी में रूमाल चलेगा. सूट आहे.”

“सूट नको मदर,” मार्था म्हणाल्या. “रुमाल बांधून समोर गेले, की त्या पहिलं इचारतील ‘कशा आहात’ आन् दुसरं इचारतील ‘कधी निघता’.”

मी हळूच म्हणाले, विग आणू का? मदरचा चेहरा पडला. “विग? सिस्टर को? आपण तर केसांचा मोह सोडला ना?”

“मोह सोडला मदर,” मार्था म्हणाल्या, “पिना कुठं सोडल्या?”

बाजारातला विग म्हणजे कुणाचे तरी केस विकत घेऊन मिरवणं, ते काही मदरच्या मनाला पटेना. तेव्हा मार्था एकदम म्हणाल्या, “इकत घेतलेले नको ना? माझेच आणले तर?”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मदरनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढला. मार्था बावीस वर्षांच्या असताना त्यांची वेणी कापली, तेव्हा ती ताटात ठेवून त्यांच्या आईच्या हातात दिली होती. दुसरी आई असती तर तिथं हंबरडा फोडला असता. या आईनं वेणी पदरात बांधली, गावी नेली, आणि वाया कशाला घालवायची म्हणून तिचं छानपैकी गंगावन करून घेतलं. का, तर धाकट्या शांताचे केस पातळ होते आणि तिचं लग्न ठरत होतं.

“शांताच्या लग्नाला माझे केस गेले, मी नाय गेले,” मार्था म्हणाल्या. “आमच्यात तवा जायची परवानगी नव्हती. मग गावात ज्या त्या पोरीचं लग्न निघालं की मागायला यायच्या, द्या वो जरा सिस्टरची वेणी. धा-बारा पोरींनी माझ्या केसांवर लग्नं केलीत. देवाचं कुंकू लावून मी इकडं, आन् केस मांडवात.”

शांताबाईंना निरोप गेला. दोन दिवसांनी त्या गावाहून बिस्किटाचा डबा घेऊन आल्या. कापराच्या वड्या, वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि खाली ते गंगावन. काळंभोर, मनगटाएवढं जाड. मार्थांनी ते दोन्ही हातांवर घेतलं.

“जड होते की गं माझे केस,” त्या म्हणाल्या.

तीन दुपारी मी त्याच्यावर बसले. रिठ्यानं धुतलं. ब्लाउजच्या काठाची मखमल आणून डोक्याच्या मापाचा पट्टा शिवला, मखमलीचं लव असलेलं अंग आतून, कारण मखमल कातडीला धरून ठेवते आणि सोलत नाही. पण नुसत्या मखमलीत पिन खोचली तर टकलाला टोचते. पिनीला मधे केसांची गादी लागते. म्हणून गंगावनाचा एक पेड सोडवून ते केस पट्ट्यावर ओळीनं शिवले आणि न कापता, व्हेलखाली मावतील असे दुमडून बसवले. माप माझ्या त्याच कटाचं, टाळूवर चार बोटं.

प्रॉव्हिन्शियल यायच्या दिवशी सकाळी मी मठात गेले. मार्थांनी बजावलं होतं, “सगळं आत दडव. एक केस बाहेर नको. माझे केस पांढरे झालेले सगळ्यांला ठाऊक हाय.” मी पट्टा बसवला, व्हेल चढवला, पिना लावल्या. मार्थांनी मान हलवली, वाकून पाहिलं, चार पायऱ्या उतरून चढल्या. व्हेल जागचा हलला नाही.

आणि तिथं माझी बुद्धी फिरली. इतकं देखणं काम झालेलं, आणि तेही झाकायचं? पट्टीच्या पुढं बाकी सिस्टरांचे दिसतात तसे दोन बोटं केस दिसले तर बिघडलं कुठं, नाहीतर कपाळ उघडं-बोडकं दिसेल, अशी मी माझीच समजूत घातली. कंगव्याच्या टोकानं पुढची ओळ बाहेर काढली आणि झोकात वळवून बसवली. मार्थांना पत्ता नाही. आरसा बघायची त्यांची रीतच नव्हती. तेवढ्यात गाडी आली आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. काही निसटलंच तर हाताशी असावी म्हणून मदरनी मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. मार्थांच्या कपाळाकडं मदरची नजर गेली तेव्हा त्यांच्या हातातली कपबशी वाजली, पण बोलायला वेळ नव्हता.

प्रॉव्हिन्शियल उंच, ताठ, पासष्टीच्या. शुद्ध वसईची मराठी. तब्येत विचारली, झोप विचारली, शाळा विचारली. मार्था खणखणीत बोलल्या. डोक्याला एकदाही हात नाही. मी मनात म्हटलं, जिंकलं. तेव्हा प्रॉव्हिन्शियलनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाल्या,

“सिस्टर, तुम्ही केस काळे केलेत?”

मार्थांचा हात कपाळावर गेला. चिमटीत एक बट धरून त्यांनी डोळ्यांपुढं आणली, वर डोळे करून पाहिली, आणि मग माझ्याकडं पाहिलं. दहावीच्या पोरी त्यांच्या तासाला का बोलत नसत, ते मला त्या क्षणी कळलं.

मी उठले. म्हणाले, “त्यांची चूक नाही. त्यांनी आत ठेवायला सांगितलं होतं. मी बाहेर काढले.”

“कशासाठी?”

आता खोटं कशाला बोलू? म्हणाले, “इतकी वर्षं इथल्या बायकांचे केस कापते. कुणी बघत नाही. राहवलं नाही मला.”

बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या दोन बोटांच्या हौसेपायी मी त्या बाईला समुद्रावर पाठवत होते.

मार्थांनी मात्र मला बस म्हणून खूण केली. शांतपणे तीनही पिना काढल्या, व्हेल उतरवला, त्याच्याबरोबर आख्खा पट्टा उतरवला आणि चहाच्या कपांशेजारी टेबलावर ठेवला. लख्ख टक्कल.

“काळे केले नाय,” त्या म्हणाल्या. “माझेच हायत. बावीस वर्षांची असताना कापलेले. देवानं तवाच ठेवून घेतले असते तर सवाल नव्हता. त्यानं माझ्या आईला परत दिले. आता इतकी वर्षं त्याला लागले नाय म्हटल्यावर पिनांपुरते मी वापरते. पाप असंल तर सांगा, काढते. पर डोकं टकलं झालं म्हणून गणित इसरले नाय मी.”

प्रॉव्हिन्शियलनी तो पट्टा उचलला. उलटा केला. मखमलीवरून अंगठा फिरवला. एक पिन खोचून ओढून पाहिली, मग जरा जोरात ओढून पाहिली.

“घसरत नाही?”

“जिने चढले-उतरले तरी नाय.”

“घाम आला तर?”

याचं उत्तर मी दिलं. “मखमल घाम पिते. दोन पट्टे केले की एक धुवून दुसरा घालता येतो.”

त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला. मग मदरना म्हणाल्या, “दार लावा.” दार लागल्यावर त्यांनी स्वतःच्या कानांवरच्या पिना काढल्या आणि व्हेल मांडीवर घेतला. कडेनं पांढऱ्या केसांची झालर, मधे टाळू उघडी, आणि टाळूवर जखमेला लावतात त्या चिकटपट्टीचे दोन तुकडे, फुलीसारखे.

“बारा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “रोज व्हेल चिकटवते, रोज ओरबाडून काढते. बाई, ही मखमल मिळते कुठं?”

पहिलं हसू मदरना फुटलं. मग कुणालाच थांबता येईना. हसून झाल्यावर प्रॉव्हिन्शियलनी डोळे पुसले आणि मार्थांना विचारलं, “भूमिती किती राहिलीय?”

“वर्तुळ आख्खं राहिलंय.”

“मग ते पुरं करा. पुढच्या वर्षीच्या मुलींचंही करा. वसईला खोल्या तशाही भरलेल्या आहेत.”

त्यांना कडेचे केस होते, म्हणून त्यांना नुसत्या मखमलीचे दोन पट्टे पुरले. ते मी त्याच आठवड्यात शिवून पाठवले. मार्था त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पेरूची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा मी समजले की मिटलं.

पाच-सहा महिन्यांनी त्यांचे केस परत आले. पांढरेशुभ्र, आणि आधी कधी नव्हते असे कुरळे. शांताबाईंनी गंगावन परत मागून घेतलं, गावात लग्न निघालं होतं. मी मखमल उसवून तो पेड परत जोडून दिला.

मग एका दुसऱ्या शनिवारी मार्था पुन्हा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. कुरळ्या केसांना कात्री जपून लावावी लागते. झालं म्हणून फडकं झटकलं आणि त्यांचा व्हेल हातात द्यायला गेले, तर त्यांनी घेतला नाही.

“आरसा काढ,” त्या म्हणाल्या.

“कामून सिस्टर?”

“काढ म्हणते ना. तुझा भरवसा ऱ्हायला नाय मला.”

पिशवीच्या तळातून आरसा काढला. धुरकटला होता. पदरानं पुसून समोर धरला. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मान खाली घालून टाळूवरचा पट्टा पाहिला. हात लावून पाहिलं. माझा खांदा भरून आला तरी मी आरसा खाली घेतला नाही.

“दर वेळंला असंच कापायचीस?”

“व्हय.”

“आन् आम्ही लगोलग झाकायचो.”

त्यांनी खुर्चीतूनच आत हाक मारली, “रीना, मदरला बोलव. समद्यांला बोलव. म्हणावं बघून जा, मग झाकते.”

त्या आल्या. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या हातात तपासायच्या वह्या. दहा जणी खुर्चीभोवती उभ्या राहिल्या आणि मार्थांनी डोकं हळूहळू फिरवून सगळ्यांना नीट दाखवलं. त्यानंतर त्यांनी माझ्या हातून व्हेल घेतला आणि तीन पिना लावल्या.